घोडीचं रक्त
स्पिरिटचा वास आला की मला आमच्या टांग्याची घोडी आठवते. पन्नास वर्षं झाली, शिरपूरला नवरा त्याच टांग्यातून भाविकांना स्टँडवरून देवळापर्यंत नेत असे. एकदा घोडीला खोकला झाला. मी तापानं फणफणत होते, तरी माझी गोधडी त्यानं तिच्या पाठीवर टाकली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी पुण्याला पाठवायला स्पिरिटचा बोळा फिरवून तिचं रक्त काढलं, तर हा तिच्या गळ्यात पडून रडला. "डॉक्टरसायेब, माह्यं बी रक्त पाठवा," मी चिडून म्हणाले. "तुले काय झालं?" एवढं विचारून तो पुन्हा तिची मान चोळू लागला. परवा नात आली. ती प्रयोगशाळेत घोड्यांच्या विषाणूंची जनुकं वाचते. घोडीची गोष्ट ऐकून म्हणाली, "आजी, आज दोन दिवसांत कळलं असतं, घोडीला काय झालं होतं ते." मी विचारलं, "आन मले?"