आखणीला उजेड हवा

“हे मधोमध भोक कशाला ठेवलंस गो?” वत्सलाकाकींनी माझ्या प्लॅनवर बोट ठेवलं.

“चौक आहे, काकी. वरून उघडा. गरम हवा वर निघून जाईल, खोल्या थंड राहतील.”

“आणि पाऊस?”

पेणमध्ये माझं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, पण हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारला नव्हता.

काकी हमरापूरच्या. गणपतीच्या मूर्तींची आखणी करतात, म्हणजे डोळे रंगवतात. त्या वर्षी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करताना त्या चक्कर येऊन पडल्या होत्या. मुलगा नितीन नागोठण्याला कंपनीत. त्याचं म्हणणं, आईने आता काम बंद करावं आणि नव्या घरात एसीत बसावं.

“बंद खोलीत रंगाच्या वासाने डोकं धरतं,” काकी म्हणाल्या. “तुमच्या घरात मला जागा नसंल तर मी हितंच बरी.”

शेडच्या दारात उभ्या नितीनचा चेहरा उतरला. घर तो आईसाठीच बांधत होता.

आषाढात मी एक अख्खा दिवस काकींच्या शेडमध्ये बसले. त्यांचा सीझन ऐन पावसातला. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत होता. काकी उजेड सरकेल तसा पाट सरकवत होत्या. दोनदा मूर्तींवर शिंतोडे आले. दोन्ही वेळा त्यांनी पदराने मूर्ती आधी झाकली, स्वतः भिजल्या.

घरी येऊन प्लॅन बदलला. चौकाच्या दक्षिणेला काकींची पडवी घेतली, तोंड उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. नैर्ऋत्येचा पाऊस पाठीमागच्या भिंतीवर आपटणार. छप्पर चौकावर चार फूट पुढे काढलं. जोतं उंच केलं, पाणी जायला रुंद गटार दिलं. भिंतीत वरच्या बाजूला जाळ्या ठेवल्या, गरम हवा बाहेर पडायला.

नितीन म्हणाला, “मॅडम, एवढ्या जागेत एक बेडरूम निघाली असती.”

“निजायला किती खोल्या लागतात रे तुला?” काकी म्हणाल्या. “उजेड नाय मिळाला तर बाप्पा तिरका बघंल. लोक मला बोलतील, तुला नाय.”

नितीन हसला. बेडरूम गेली.

नव्या घराने एक पावसाळा काढल्यावर, पुढच्या ऐन उन्हाळ्यात भर दुपारी गेले. काकी पडवीत आखणी करत होत्या. समोरच्या ओटीवर नितीन रात्रपाळी करून गाढ झोपला होता. पंखा बंद होता.

“बरं वाटतंय का?” मी हळूच विचारलं.

“व्हय. चक्कर नाय, काय नाय. पण त्या कोपऱ्यात शिंतोडे येतात हां, पावसात.”

“ओव्हरहँग वाढवू का?” म्हणजे छप्पर अजून पुढे काढू का.

“नको गो. तिथं मी ब्रश धुते.”

तेव्हापासून कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी मी क्लायंटकडे एक दिवस बसून येते. चहा मिळतो आणि खोडरबर कमी लागतं.