स्कूटर की बटाटे

अखिल मानवजातीच्या माहितीसाठी अत्यंत गांभीर्याने जाहीर करते, की अंधेरीत बटाटा येतो. हातगाडीवर नव्हे, जमिनीत! ऐंशीच्या दशकात, आमच्या तळमजल्याच्या घरामागे, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या चिंचोळ्या पट्टीत तो आला आणि मी तो स्वतः खाल्ला.

ती पट्टी आईची. आई कोकणातली, त्यामुळे भिंतीकडेला रताळी असायचीच. दिवाळी झाली की ती कोंब आलेले बटाटे कापून लावायची, प्रत्येक फोडीला एक तरी डोळा राखून. शेणखत आम्ही आरे कॉलनीतून आणायचो, चक्क बसने. पोतं सीटखाली सरकवलं की आजूबाजूची माणसं उठून जात आणि आई ऐसपैस बसे.

अशात सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर आली. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली. तिला ऊन नको, पाऊस नको, पोरांचा हात नको. तिच्यासाठी त्यांना आमची पट्टी हवी होती, लादी घालून, वर पत्रे टाकून. बाकीचे मेंबरही माना डोलावत होते. पुढेमागे आपलीही स्कूटर येईल ना! आईची बाग जाणार, हे जवळजवळ ठरलंच.

जागा बघायला कमिटी आली ती महाशिवरात्रीला, सगळ्यांना सुट्टी म्हणून. सगळेच उपाशी, सकाळपासून चहावर. सेक्रेटरींच्या बायकोही सोबत होत्या. आणि नेमकी तेव्हाच बटाट्याची पानं पिवळी पडून रोपं आडवी झाली होती.

"तयार झालेत," आई माझ्या कानात म्हणाली. "तू स्टोव्हवर पातेलं ठेव नि बाहेर येऊन तोंड पाडून उभी राहा."

तोंड पाडण्यात माझा हात कोण धरणार! मी असा काही सुस्कारा सोडला की खजिनदारांना गहिवरून आलं.

"काकू, मेलंय की हो सगळं!" सेक्रेटरी म्हणाले. "ह्या वाळक्या पाल्यासाठी भांडताय?"

"नाही हो," आई पडेल आवाजात म्हणाली. "तेवढं काढून घेते, मग खुशाल घाला लादी."

तिनं खुरपं घातलं, रोप उपटलं. मुळाला लिंबाएवढे, पेरूएवढे बटाटे लोंबत होते. कमिटी एक पाऊल पुढे आली. दुसरं रोप. मग भिंतीकडची लांबलचक लाल रताळी. सेक्रेटरींच्या बायको केव्हाच खाली बसून माती उकरू लागल्या होत्या.

पहिला घाणा उकडला. वर मीठ, जिऱ्याची फोडणी, साजूक तूप. कमिटी मागच्या पायरीवर बसून फुंकर मारमारून खात होती.

"झकास आहे हो काकू," तोंडातला गरम बटाटा इकडून तिकडे फिरवत सेक्रेटरी म्हणाले. "पण पार्किंगचं तेवढं—"

पदरात बटाटे भरता भरता त्यांच्या बायको कडाडल्या, "जळलं मेलं ते पार्किंग! स्कूटर काय उपासाला उकडून खायचीय?"