डिंभ्याच्या पाण्यातील बावीस बाटल्या

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी डिंभे धरणाच्या स्वच्छतेस प्रारंभ केला. तशी विनंती कोणी केली नव्हती.

जावयाने शिडाची होडी घेतली होती आणि मला व माझ्या पत्नीला घेऊन दोन दिवस जलविहाराचा बेत आखला होता. मंचरहून निघताना मी माझ्या पाण्याच्या बाटलीवर नाव, हुद्दा (सेवानिवृत्त मुख्याध्यापक) आणि पत्ता रंगाने लिहून घेतला. वस्तू हरवता कामा नये!

भर पाण्यात वारा पडला. होडी थांबली. समोर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्यांची रांग तरंगत होती.

"केवढी ही बेशिस्त!" मी म्हणालो.

"बाबा, राहू द्या ना," जावई म्हणाला.

"राहू दिले म्हणूनच देशाची ही अवस्था आहे!"

मी चाकूने एकेक बाटली कापून गोणीत भरली. बावीस झाल्या. प्रत्येक बाटली दोरीला घट्ट बांधलेली होती. कचरा इतक्या निगुतीने कोण बांधतो, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढे वारा सुटला आणि आम्ही पलीकडच्या काठावरील मासेमारांच्या वस्तीला लागलो. सात-आठ घरे, विलक्षण शांतता. पहिल्याच घरातून हौसाबाई बाहेर आल्या.

"या पावणं, चहा घ्या. मालक जाळं काढाया गेल्यात. मासं आलं की कालवण करते. जेवूनच जावा!"

मासे येईपर्यंत मी त्यांना जलप्रदूषणाविषयी सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. (त्या कांदा चिरत होत्या, हे मागाहून ध्यानात आले.)

तासाभराने त्यांचे यजमान किसन रिकाम्या हातांनी परतले.

"हौसे, जाळं गेलं! कुणीतरी वरच्या बाटल्या कापून नेल्या. समदं तळाला बसलं! दोन महिने इणत व्हतो, राव. आता धंदा कशावर करायचा?"

"तक्रार नोंदवा," मी खिशातून पेन काढले. "असल्या चोराला सोडता कामा नये. वर्णन सांगा, अर्ज मी लिहितो."

"अहो," आमची पत्नी शांतपणे म्हणाली, "वर्णन मी सांगते."

तिने होडीतल्या गोणीकडे बोट दाखवले. किसनने गोणीत पाहिले, मग माझ्याकडे. मी पेनाला टोपण लावले.

"पावणं," किसन म्हणाला, "एक तरी ठेवायची व्हती, जागा घावली असती!"

जावयाने होडीचा नांगर दोरीने पाण्यात सोडून तीन तास तळ चाचपला. अखेर जाळे लागले. दोन ठिकाणी फाटलेले, पण लागले. दुपारी कालवणाऐवजी पिठले-भाकरी झाली. "मासं पुढच्या येळी," हौसाबाई म्हणाल्या, "पर यायच्या आधी कळवा. आमी जाळं काढून ठेवतो."

किसनने दोरी माझ्या हाती दिली. "बांधा, गुरुजी."

मी बांधली.

"ही सुटंल. परत."

मी पुन्हा बांधली.

"परत."

चाळीस वर्षे हा शब्द मी लोकांच्या मुलांना ऐकवला होता. तो इतका लांब असतो, याची कल्पना नव्हती.

एकवीस झाल्या. बाविसावीला माझ्याच चाकूने भोक पडले होते. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी माझी बाटली रिकामी केली, झाकण घट्ट लावले आणि ती जाळ्याला बांधली. नाव, हुद्दा, पत्ता, सारे दुरून वाचता येत होते. पुढल्या खेपेस चोराचे वर्णन कोणाला विचारावे लागणार नाही.

किसनने गाठ ओढून पाहिली.

"परत."

मी परत बांधली.