सोमवारचा शेठ

"माझ्या तोंडाकडे काय बघता? तिथे उत्तर छापलंय?"

काका दिवसातून दहा वेळा तरी हे म्हणायचे. म्हणायचे, चष्मा वर ढकलायचे आणि लगेच मशीनवर वाकायचे, म्हणजे आम्हाला तोंड दिसूच नये. उल्हासनगरात त्यांचं शाळेच्या बॅगा शिवायचं युनिट होतं. आम्ही दहा जण कामाला. मी बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातून यायची. मालकाला शेठ म्हणायची आपल्याकडे पद्धत, पण या माणसाला शेठ म्हटलं की राग यायचा. "शेठ सोमवारी ठरतो," म्हणायचे.

हे सोमवारचं खूळ तुम्हाला सांगायलाच हवं. दर सोमवारी आमच्यातला एक जण त्यांच्या खुर्चीत बसायचा. कापड कुठलं घ्यायचं, व्यापाऱ्याला काय सांगायचं, सुट्टी कुणाला द्यायची, त्या दिवशी सगळं तो ठरवणार. काका खिडकीजवळच्या मशीनवर पट्टे शिवत बसणार. आणि सोमवारच्या शेठचा निर्णय मंगळवारी फिरवायचा नाही. आमच्या कटिंग मास्तरांनी पहिल्याच फेरीत काकांना भर उन्हात वडापाव आणायला पिटाळलं. गेले बिचारे! वर परत येऊन विचारतात, "शेठ, चटणी जास्त घेतली, चालेल ना?" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

हसलो खूप, पण शिकलो काय? कर्म आमचं! खुर्चीत बसलेला प्रत्येक जण चोरून खिडकीकडे बघायचा. काकांची भुवई चढली की नाही म्हणायचं, मान डोलली की हो. कुणी ठरवलं असं त्यांनी विचारलं की आम्ही एका सुरात म्हणायचो, "आम्ही सगळ्यांनी." मग ते खवळायचे. "सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही. एक नाव सांगा!" ते नाव त्यांना कधी मिळालं नाही.

एकदा त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येकानं शेजारपाजारची एक फाटकी बॅग घेऊन यायचं. मी बेलवलीच्या भाचीची नेली. टेबलावर तो उकिरडा मांडून म्हणाले, "बघा, कुठे कुठे फाटल्यात. गिऱ्हाईक आपल्याला तिथे शिव्या घालतं. आपला धंदा तिथूनच सुरू होतो." बहुतेक बॅगांचा पट्टा खालून उसवला होता. तेव्हापासून आम्ही तिथे तिहेरी शिलाई घालायला लागलो आणि कॅम्पातल्या बाजारातले व्यापारी आमचा माल नुसता हात लावून ओळखायला लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात माणूस वाळत चालला. विचारलं की म्हणायचे, "उन्हानं होतं असं." पोटात काय वाढत होतं ते त्यांना आणि काकूंना ठाऊक होतं, आम्हाला नाही. सोमवारचा एवढा हट्ट कशासाठी होता ते आता कळतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे युनिट चालावं, आमच्या दहा घरांच्या चुली पेटत्या राहाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आम्ही गाढवं भुवया वाचत बसलो होतो.

शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांना अंबरनाथला ॲडमिट केलं. नेमका तो सोमवार माझा होता. हंगामातली सगळ्यात मोठी ऑर्डर अंगावर, आणि आलेल्या चेनचे रनर, म्हणजे ओढायचे खटके, हलक्या प्रतीचे. चार वेळा ओढलं की पाचव्यांदा चेन मधेच उघडी पडायची. परत पाठवावी तर नवी यायला आठवडा लागणार. व्यापारी फोनवर म्हणाला, "बेटी, शनिवार को माल नहीं आया तो मैं दूसरी जगह से उठाऊंगा. फिर बुरा मत मानना."

मी लगेच काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन काकांपुढे धरला. मी रनरचं सांगितलं आणि विचारलं, "काका, लावू का हीच चेन?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता नुसती पाठ दिसत होती. मी त्या पाठीवरही उत्तर शोधलं हो! काका रागावले, म्हणजे ऑर्डर सोडायची नाही, असा अर्थ लावला. फोन ठेवला आणि म्हटलं, "लावा."

शनिवारी माल गेला. पुढच्या मंगळवारी तो सगळा परत आला. टेम्पोतून उतरवताना बॅगा आ वासून पडत होत्या.

मी अंबरनाथला गेले. काकू दारातूनच खुणावत होत्या, बोलू नकोस. पण काकांनीच विचारलं, "माल परत आला ना? तुझ्या तोंडावर छापलंय. कुणी ठरवलं होतं?"

'आम्ही सगळ्यांनी' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "मी," म्हटलं. "मी एकटीनं. चुकलं माझं, काका." आणि हुंदकाच फुटला.

"चूक तर चूक, तिला धनी तरी सापडला," ते म्हणाले. "आता पुढे काय करणार?"

मी डोळे पुसले आणि सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी चादर ओढून तोंड झाकून घेतलं. आतून खुदखुदत होते. "अहो, असं झाकू नये माणसानं!" काकू ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी तीच चादर नर्सनं त्यांच्या तोंडावर ओढली.

काकांचा जलदानविधी झाला. त्यानंतरच्या सोमवारी व्यापारी युनिटवर आला. बॅगांचा ढीग तसाच पडला होता. पाळी मास्तरांची होती, पण ते खुर्चीत बसेनात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मलाही कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं होतं हो, जीव तुटत होता नुसता. खिडकीशी मशीन झाकलेलं होतं.

"सगळी चेन उसवून नवी लावणार," मी म्हटलं. "दस दिन लगेंगे."

"इधर अभी शेठ कौन है?" त्यानं विचारलं.

"मैं."

तो थांबला नाही. ऑर्डर गेली ती गेलीच. आज आम्ही दहाचे सहा उरलोय, आणि दसऱ्यापर्यंत तग धरला तरी खूप झालं. पण त्या सोमवारी तो जिना उतरून गेल्यावर मी कात्री घेतली, खिडकीकडे पाठ केली आणि पहिली बॅग उसवायला बसले.