घुर्रमामा आणि मुकी बस

आमच्या तेरा नंबरच्या बसच्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी डिझेलची बस हाकली आणि तेवढ्या काळात वेगाचा काटा चालू असलेली एकही बस त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांचं काही अडलं नाही. वेग त्यांच्या कानाला कळायचा, बुडाला कळायचा. इंजिनाचा सूर चढला की डावा हात आपसूक गिअरच्या दांडीवर जायचा. मी रोज छापखान्यात जाताना त्यांच्या मागच्याच सीटवर बसायचो, म्हणून खात्रीनं सांगतो. एकदा भर रस्त्यात बस बाजूला घेऊन ते कंडक्टरबाईंना म्हणाले, "मागच्या उजव्या चाकाचा नट सैल झालाय, जरा बघा." बाईंनी उतरून पाहिलं. झाला होता.

मग बॅटरीच्या बस आल्या.

डेपोत तीन दिवस शिकवणी झाली. शिकवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "एकदम सोपं आहे. क्लच नाही, गिअर नाही. दाबलं की जाते."

"आणि चालू झालीय हे कळायचं कसं?" मामांनी विचारलं.

"समोर हिरवा दिवा लागतो."

मामांनी त्या दिव्याकडे असं पाहिलं, जणू तो त्यांच्या मुलीला मागणी घालायला आला होता.

पहिल्या सकाळी आम्ही सगळे नव्या कोऱ्या सीटवर ऐटीत बसलो. मामांनी बटण दाबलं. आवाज नाही. चालू झाली नसावी म्हणून पुन्हा दाबलं, तर होती ती बंद झाली. असं सात वेळा झालं. शेवटी कंडक्टरबाई म्हणाल्या, "मामा, आता हात लावू नका. हिरवा आहे."

निघालो. बाजाराच्या वळणावर बसमधले सगळे उजव्या खिडक्यांवर जाऊन आदळले. एका बाईंचे टोमॅटो पुढच्या दारापर्यंत घरंगळले, आणि एक वकीलसाहेब थेट एका पोलिसाच्या मांडीवर जाऊन बसले.

"मामा, अहो विमान आहे का हे?" कंडक्टरबाई दांडा धरून ओरडल्या.

"कसलं विमान? बैलगाडी चाललीय नुसती! जोरच धरत नाही."

"पडद्यावर बावन्न दिसतंय!"

"आकडा काय, कुणीही लिहील."

मामा थापा मारत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. सीटखाली थरथर नाही, पायाखाली धडधड नाही, कानात घरघर नाही. राहता राहिली खिडकीतून मागे पळणारी दुकानं, आणि नुसत्या दुकानांवर विश्वास ठेवायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. घरी मामींनाही फरक जाणवला. मामा जेवताना डाव्या पायानं फरशी दाबत होते. "अहो, काय चिरडताय?" मामींनी विचारलं. "क्लच," मामा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

पंधरा दिवसांत तक्रारींचा ढीग झाला. डेपो मॅनेजरनी मामांना तपासणीला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, उत्तम. कान पाहिले, त्याहून उत्तम. मग त्यांनी मोबाईलवर एक फिल्म लावली. गाडीतून समोरचा रस्ता दिसत होता, आवाज बंद.

"किती वेग असेल, मामा?"

"तीस."

दुसऱ्यांदा लावली, या वेळी इंजिनाच्या आवाजासकट.

"आता?"

"पंचेचाळीस. जास्तच, कमी नाही."

"दोन्ही वेळा एकच फिल्म होती."

"अहो, अशी कशी असेल? दुसरीतला गाडी हाणत होता!"

तीनदा दाखवली, तीनदा तेच. चौथ्यांदा मामांनी मोबाईल उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथंही काही नव्हतं.

"असं बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे, कान, पाठ, पाय, सगळे मेंदूला बातम्या देतात. मेंदू सगळ्यांचं ऐकतो आणि एक निकाल देतो. ज्याची बातमी आजवर खरी निघाली, त्याचं जरा जास्त ऐकतो. तुमच्या घरात कान हा थोरला भाऊ. आता थोरलाच गप्प बसलाय, तर मेंदू म्हणतो, गाडी हळूच असणार."

"मग यावर औषध?"

"औषध नाही. सवय. मेंदू आपोआप डोळ्यांचं ऐकायला लागेल. तोपर्यंत आकडा बघून चालवा."

"आकडा बघू की रस्ता बघू?" मामांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मला पुढून आवाज आला. "घुर्रर्र..." आधी वाटलं, मामांना खोकला झालाय. पण आवाज हळूहळू चढत गेला, वर जाऊन थांबला, मामांनी हवेतच डाव्या हाताचा झटका दिला आणि पुन्हा खालच्या पट्टीत "घुर्रर्र..." दुसरा गिअर पडला होता! बाजाराचं वळण आलं तेव्हा मामांनी तोंडानं गिअर उतरवला, आणि बस अशी वळली की टोमॅटो जागचा हलला नसता. तोंडात दुसरा गिअर असताना त्यांच्या पायाला पन्नासचा वेग घ्यायला जमतच नव्हतं.

त्या दिवसापासून ते घुर्रमामा झाले. तक्रारी थांबल्या. इतकंच नाही, नव्या बसमध्ये ज्यांची सकाळची डुलकी उडाली होती, ते वकीलसाहेबही पुन्हा घोरू लागले.

पण रोज आठ तास इंजिन चालवायचं म्हणजे चेष्टा नाही. तिसऱ्या आठवड्यात मामांचा घसा बसला. मामींनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, हळद दिली, शेवटी गळ्याला मफलर गुंडाळला. तरी आवाज फुटेना. रजा घेतील तर ते मामा कसले! डेपोत येऊन त्यांनी कंडक्टरबाईंना खुणेनंच अडचण सांगितली.

बाई अकरा वर्षं डिझेलच्या इंजिनाच्या आवाजातच तिकिटं फाडत आल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही फक्त चालवा. इंजिन माझ्याकडे."

"घुर्रर्र... पुढे सरका, पुढे सरका... घुर्रर्र... सुट्टे नाहीत? घुर्रर्र..."

टेकडीच्या रस्त्यावर मामांनी मान वळवली आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "बाई, चढावर तिसरा टाकतात का कुणी? दुसरा!"

"चुकलं!" बाईंनी ताबडतोब दुसरा टाकला. पण तेवढ्यात मागच्या दारी तिकिटावरून वाद झाला, बाई तिकडे धावल्या आणि इंजिन बंद पडलं. बस सुसाट निघणार हे ओळखून मीच "घुर्रर्र" सुरू केलं. माझ्या मदतीला टोमॅटोवाल्या बाई आल्या. वकीलसाहेब जागे झाले आणि त्यांनी ब्रेकच्या हवेचं "फुस्स" आपल्याकडे घेतलं. ते त्यांना फारच छान जमत होतं. दोन थांबे जाईपर्यंत सगळी बस घुमू लागली.

तिसऱ्या थांब्यावर डेपो मॅनेजर चढले.

कुणी त्यांना पाहिलंच नाही. चाळीस माणसं एका सुरात घुरघुरत होती, पहिला, दुसरा, तिसरा, आणि वकीलसाहेब डोळे मिटून "फुस्स". मॅनेजर दांड्याला धरून शेवटपर्यंत उभे राहिले. उतरेपर्यंत एक धक्का बसला नाही की एक झटका. त्यांनी वहीत लिहिलं, "वाहन उत्तम स्थितीत. आवाज येतो, परंतु तो वाहनाचा नाही." मग मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे किती दिवस चालायचं?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय होईल," मामा कुजबुजले.

झालीच. कधी झाली ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. घसा सुटायला आणखी वीस दिवस लागले. तोवर आम्हीही थकलो होतो. आधी वकीलसाहेबांनी फुस्स सोडलं, मग टोमॅटोवाल्या बाई गप्प झाल्या, मी पेपर वाचू लागलो. एका सकाळी शेवटच्या थांब्यावर उतरताना कंडक्टरबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई! आज मी घुर्र केलंच नाही!" मामांनी पडद्याकडे बोट दाखवलं. वाटभर आकडा पस्तिसाच्या वर गेला नव्हता.

"कसं कळलं हो?" मी विचारलं.

"खांब," मामा म्हणाले. "खांब मागे जातात ते आता दिसायला लागलेत. आणि टायरचा सूं आवाज येतो. आधी येतच नव्हता." तो पहिल्या दिवसापासून येत होता.

दोन महिन्यांनी आमची बस दुरुस्तीला गेली आणि दुसऱ्या डेपोतून एक जुनी डिझेलची गाडी बदली आली. आम्हाला वाटलं, मामांना माहेर भेटलं. मामांनी चावी फिरवली, गाडी धडधडली, आणि मामा दचकून सीटवरून अर्धे उठले. मग जे निघाले ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून, कपाळावर घाम.

"मामा, जरा दाबा की," बाई म्हणाल्या.

"अजून किती दाबू? उडतोय आपण!"

एका सायकलस्वारानं आम्हाला मागे टाकलं आणि जाताना घंटी वाजवली. छापखान्यात मी पाऊण तास उशिरा पोहोचलो.

एकतीस वर्षांतला पहिला मेमो मामांना त्या दिवशी मिळाला, "वाहन अकारण सावकाश चालविणे." मामींनी तो दोनदा वाचला, मग बहिणीला फोन लावून मोठ्यानं वाचून दाखवला. मामा शेजारी बसून ऐकत होते. हसून हसून मामींना पुढचं वाचवेना, तेव्हा त्यांनी कागद मामांच्या हातात दिला, आणि सहीपर्यंतचं उरलेलं मामांनीच फोनवर वाचलं.