बकऱ्या की रोख पैसे? नसीम आपांशी चाललेला वाद

नसीम आपा गेल्याचं मला आसेगावच्या कमलबाईंनी फोनवर सांगितलं. "भाऊ, आपा गेल्या," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता महिना उलटून गेला.

मंगरूळपीरच्या उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर आपा एका छोट्या संस्थेचं काम पाहू लागल्या. मी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालो होतो. परदेशातल्या एका संस्थेने आसपासच्या गावांतल्या गरीब बायकांसाठी मदत देऊ केली, तेव्हा आम्ही एकत्र आलो आणि पहिल्याच बैठकीत भांडलो. माझं म्हणणं होतं, प्रत्येकीला दोन बकऱ्या द्याव्यात, सोबत लसीकरण आणि देखरेख. बकरी डोळ्यांना दिसते, वाढते, एका दिवसात संपत नाही. आपा म्हणत, पैसेच द्या. "भाऊ, तुमाले पगारात बकऱ्या भेटत होत्या का?" त्यांनी शांतपणे विचारलं. सगळे हसले, मीही हसलो, पण माझं मत काही बदललं नाही.

शेवटी काही गावांत बकऱ्या आणि आसेगावात रोख पैसे असं ठरलं. बकऱ्या बहुतेक घरांत चांगल्या वाढल्या. आसेगावात कुणी छतावर पत्रे टाकले, कुणी बांगड्यांचं दुकान मांडलं. एकीचे पैसे नवऱ्याने काढून घेतले. कमलबाईंनी सगळे सुनेच्या अवघड बाळंतपणात घातले.

परदेशी पाहुणे पाहणीला आले तेव्हा मी आपांना बाजूला घेऊन म्हटलं, नवऱ्याने नेलेले पैसे आणि कमलबाईंच्या सुनेचं बाळंतपण, या दोन गोष्टी सांगू नका, पुढची मदत अडकेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाहुण्यांना सगळं सांगितलं. कमलबाईंकडे कमाईचं साधन काही उभं राहिलं नाही, असं एक पाहुणा म्हणाला. दुभाष्याने ते सांगितल्यावर कमलबाई म्हणाल्या, "बकऱ्या असत्या तं त्या घाईत गिऱ्हाईक कुठं शोधलं असतं मी? सून हाये, नात हाये."

परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "पण जिचे पैसे नवऱ्याने नेले, तिच्याकडे बकरी निदान राहिली असती."

आपा म्हणाल्या, "खरं हाये भाऊ. त्याचं उत्तर मले सापडून नाही राह्यलं." त्यानंतर कितीतरी दिवस आपा त्या बाईच्या घरी जात होत्या. तिथे काय बोलत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढे त्या दूरच्या देशाचं धोरण बदललं आणि मदत थांबली. बकऱ्याही बंद, पैसेही बंद. मी खचलो. आपांनी मात्र आसेगावच्या बायकांना दर मंगळवारी एकत्र बसवायला सुरुवात केली. प्रत्येकीने जमेल तेवढं काढायचं आणि जिची नड मोठी, तिला द्यायचं. आजारपणात बसवेना, तरी मंगळवार त्यांनी चुकवला नाही.

गेल्या मंगळवारी मी तिथे गेलो. नव्याने आलेल्या एका बाईला शिलाई मशीन घेऊन द्यावं की पैसे, यावर बोलणं अडलं होतं. "भाऊ, तुमीच सांगा," कमलबाई म्हणाल्या.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. आपा अशा वेळी काय करायच्या, ते आठवलं आणि मी थांबलो.

"तिलेच विचारा," मी म्हणालो.

सगळ्या जणी त्या बाईकडे वळल्या. तिने डोक्यावरचा पदर जरा सारखा केला आणि ती हळूहळू बोलायला लागली.