विमा नाकारला ते वर्ष

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी भिवंडीत मराठी शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान कोर्टात कारकून होते. मुलगी आठ वर्षांची, एकुलती एक. आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या आणि खाली, शेजारी, समोर, सगळीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग. बारीक कापूस हवेत तरंगायचा, कपाटावर बसायचा, माणसांच्या छातीत जायचा. गल्लीत खोकत नाही असा माणूस नव्हता. त्यामुळे मुलगी जिना चढताना मध्येच थांबायची, त्याचं मला काही वाटत नसे. निदान मी स्वतःला तसं सांगायचे.

एका रविवारी यजमानांच्या ओळखीचे एक विमा एजंट घरी आले. पन्नाशीचे कोकणी मुसलमान गृहस्थ, घरचे चार लूम भाऊ बघायचे आणि हे विम्याचं काम करायचे. मुलांसाठी नवीन पॉलिसी आली होती. मूल मोठ्या आजारात सापडलं तर उपचारासाठी एकरकमी पैसे मिळणार.

मला ते बोलणंच आवडलं नाही. धडधाकट पोरीसमोर बसून तिच्या आजाराची बोलणी करायची आणि वर गोड हसायचं. हा माणूस भीती विकायला आलाय, असं माझ्या मनानं घेतलं.

फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "बाई, पोरीला दम लागतो का? जिना चढताना वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. 'नाही' या एका शब्दाला इतका वेळ लागत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"एकदा डॉक्टरी तपासणी करावी लागेल," फॉर्म पिशवीत टाकत ते म्हणाले.

यजमान म्हणाले, "लहान मुलांना कशाला? परवा कोर्टात भेटलात तेव्हा तुम्हीच म्हणालात, लागत नाही."

"करून घ्या साहेब. माझं ऐका."

ते गेल्यावर मी यजमानांना म्हटलं, "डॉक्टर याच्याच ओळखीचा असणार. दोघं मिळून खातील." त्यांनाही ते पटलं. तरी आम्ही गेलो, कारण फॉर्मवर सह्या होऊन बसल्या होत्या.

दवाखान्याच्या भिंतीला लागूनच कारखाना होता. डॉक्टरांनी मुलीच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, मग मान हलवली. "या आवाजात नीट ऐकू येत नाही. शुक्रवारी या. त्या दिवशी लूम बंद असतात."

दुसरी खेप म्हणजे दुसरी फी, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "आज काय ते सांगून टाका ना," मी म्हणाले.

"एजंटनं फॉर्मवर लिहिलंय, जिना चढताना दम लागतो. मग मला नीट ऐकायला हवं."

मी संतापले. मी नाही म्हटल्यावर त्या एजंटनं लिहिलंच कसं? घरी येईपर्यंत मी यजमानांशी भांडत होते. मुलगी पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून थांबली होती. मी तिच्यासाठी थांबले नाही.

शुक्रवारी गल्ली शांत होती. डॉक्टरांनी बराच वेळ नळी ठेवली. मग म्हणाले, "ठोक्यात वेगळा आवाज आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा." यावेळी त्यांनी फी घेतली नाही. त्याचाही मला संशय आला.

मुंबईत हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्याला भोक होतं, जन्मापासूनचं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. आणखी काही वर्षं गेली असती तर ऑपरेशन अवघड झालं असतं." इकडे कंपनीचं पत्र आलं, अर्ज नामंजूर. ते वाचून यजमान म्हणाले, "खरं लिहिलं म्हणून पॉलिसी गेली." मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं असतं तर पॉलिसी मिळाली असती, आणि पोरीला मी खोकल्याचं औषध पाजत बसले असते.

सरकारी हॉस्पिटलात तारीख मिळायला चार महिने गेले. ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेताना ती म्हणाली, "आई, मला दम लागतो हे तू डॉक्टरांना सांगितलंस ना?" मी हो म्हणाले. त्या दिवशी तरी ते खरं होतं.

मुलगी दीड महिन्यानं शाळेत जायला लागली. त्यानंतर एका संध्याकाळी एजंट आले, हातात चिकूंची पिशवी. मी चहा ठेवला आणि विचारलं, "मी नाही म्हटलं होतं, तरी तुम्ही लिहिलंत कसं?"

ते थोडे संकोचले. "मी जिन्यात तिच्या मागनं वर आलो होतो त्या दिवशी. पोर तीनदा बसली. माझी बहीण अशीच बसायची. लहानपणीच गेली." मी त्यांची माफी मागितली.

ते चहा पीत होते तोवर मी त्यांच्या खांद्याच्या पिशवीकडे बघत होते. आता नवा फॉर्म काढतील असं वाटत होतं. चहा संपवून ते उठले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले.